धक्क्याकडचं टोक

गेल्या नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी दुपारी, टोकियो उपसागराच्या काठावरच्या एका बंदरात कायमच्या बांधून ठेवलेल्या जुन्या प्रवासी जहाजावर, तिसऱ्या वर्गाच्या झोपायच्या दालनात माझ्या सासूबाई एका बाईशी बराच वेळ बोलत होत्या. सासूबाईंना मराठी आणि हिंदीशिवाय कुठलीही भाषा येत नाही. दालनात त्यांच्याबरोबर फक्त माझी चार वर्षांची मुलगी होती. त्या दालनात जायला एकच जिना आहे. जिन्याच्या तोंडाशी मी आणि जहाजावरचे एक मार्गदर्शक उभे होतो. आमच्यासमोरून कुणी खाली गेलं नाही, कुणी वर आलं नाही.

या सदरात येणारे न उलगडलेले अनुभव मी वाचते, पण खरे मानून कधी वाचले नाहीत. लग्नाआधी मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर होते. बंद बंगल्यात दिवे लागतात, विहिरीतून हाका येतात, असल्या बातम्या तालुक्यांतून यायच्या आणि त्या कापणं हे माझं काम होतं. कुणी पाहिलं, आणखी कोण हजर होतं, दुसरं काही कारण असू शकतं का – एवढे प्रश्न विचारले की बातमी बहुतेक तिथेच संपायची. तेच प्रश्न मी या प्रकाराला लावले आहेत. उत्तर मिळालं तिथे ते दिलं आहे. नाही मिळालं तिथे तसं लिहिलं आहे. माणसांची नावं बदलली आहेत. जहाजाचं आणि बंदराचं नाव देत नाही, कारण तिथल्या लोकांनी तशी विनंती केली.

आधी घरची परिस्थिती सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्ही टोकियोजवळ इचिकावाला राहतो. नवरा, मंदार, तोयोसुला एका आयटी कंपनीत आहे. मुलगी ईरा होइकुएनमध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात जाते. मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते. यंदाच्या एप्रिलपासून सुरू होणारी पूर्णवेळ नोकरी मला तोयोसुलाच मिळाली होती. इथे नोकरी करणारे आईवडील एका फोनला घाबरून असतात. मुलाचा ताप साडेसदतीस सेल्सिअसवर, म्हणजे आपल्या साडेनव्व्याण्णववर गेला की होइकुएनमधून फोन येतो आणि हातातलं काम टाकून कुणीतरी जाऊन मुलाला आणावं लागतं. घरात तिसरं मोठं माणूस नसेल तर दोघांपैकी एकाची नोकरी धोक्यात येते. मंदारच्या प्रकारच्या व्हिसावर, मूल लहान आहे तोवर, त्याला सांभाळायला आईवडिलांना जास्त मुदतीसाठी बोलावता येतं. पण एकाच बाजूच्या – नवऱ्याकडच्या किंवा बायकोकडच्या.

सासरे गेल्यापासून सासूबाई पुण्यात एकट्या आहेत. सप्टेंबरमध्ये त्या तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. ईरा त्यांच्याशी जपानीत बोलायची, त्या तिच्याशी मराठीत, आणि दोघींचं काही अडायचं नाही. त्यांना राहायचं होतं. तसं त्या कधी बोलल्या नव्हत्या, पण परतीचा विषय निघाला की उठून भांडी आवरायला लागायच्या. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशनची त्यांना भीती वाटायची. ऑक्टोबरमध्ये स्टेशनसमोरच्या फूटपाथवर डावीकडून आलेली सायकल त्यांना दिसली नाही. ईराचा हात त्यांच्या हातात होता. कुणाला लागलं नाही. सायकलवाल्या बाईनेच चार वेळा वाकून माफी मागितली.

त्यानंतर मंदारने मला त्याच्या जेवणाच्या सुट्टीत तोयोसुला बोलावलं. कालव्याकाठच्या बाकावर बसून, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खाता खाता आम्ही ठरवलं, की अर्ज माझ्या आईच्या नावाने करायचा. माझी आई नाशिकला असते, घरी शिवणाचे क्लास घेते. तब्येतीने खणखणीत आहे. बाकावरूनच तिला फोन केला. ती लगेच तयार झाली.

"आईला मी सांगतो," मंदार म्हणाला. "जायच्या आधी सांगतो. आत्तापासून तिचे दिवस कशाला खराब करायचे?"

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारपर्यंत त्याने सांगितलं नव्हतं. मीही नाही.

जहाजावर आम्ही माझ्या कामासाठी गेलो होतो. मी जपानमधल्या जगण्यावर मराठीत एक छोटं पॉडकास्ट करते. हे जहाज दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बांधलेलं. वर पहिल्या वर्गाचा डायनिंग हॉल, पियानो, नक्षीदार लोखंडी जिने. खाली, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, तिसरा वर्ग. तिथून शेतकरी कुटुंबं ब्राझीलला गेली, कॉफीच्या मळ्यांवर काम करायला. प्रवास महिना-दीड महिन्याहून जास्त चालायचा. वाटेत मुलं जन्मायची, काही माणसं मरायची. मोठ्यांना पोर्तुगीज शिकवायला वर्ग भरायचे. बहुतेक जण चार पैसे साठवून परत यायचं म्हणून निघाले होते आणि बहुतेक जण परत आले नाहीत. युद्धानंतरही काही वर्षं हे जहाज त्याच मार्गावर होतं. मग विमानं आली, आणि त्याला इथे आणून बांधलं.

मंदारला त्या शनिवारी ऑफिस होतं, म्हणून सासूबाई, ईरा आणि मी अशा तिघीच गेलो. आमच्याबरोबर जे मार्गदर्शक होते त्यांना मी मोरी-सान म्हणेन. वय सत्तरीच्या पुढचं, पूर्वी मालवाहू बोटींवर नोकरीला होते, आता इथे विनामोबदला येतात.

सासूबाई पहिल्याच जिन्यावर थांबल्या. "एवढं मोठं जहाज बांधलं, एक लिफ्ट नाही सुचली यांना?"

"अहो आई, तुम्ही वरच बसता का? मी खाली जाऊन येते."

"छे! तिकीट काढलंय ना? मग सगळं बघणार."

मोरी-सानना मी याचं भाषांतर करून सांगितलं. ते हसले आणि त्यांनी पुढे होऊन सासूबाईंचा हात धरला आणि त्यांना तळापर्यंत उतरवलं.

तिसऱ्या वर्गाचं दालन लांबट आणि बुटकं आहे. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांचे दोन मजले, त्यांवर गवताच्या चटया. एकेका चौकोनात एकेक कुटुंब झोपायचं. मधला रस्ता इतका अरुंद, की दोन माणसांना तिरकं व्हावं लागतं. बसू नये अशी पाटी आहे. सासूबाईंनी चपला काढल्या, पाटीखालीच बसल्या आणि गुडघे चोळायला लागल्या. मी मोरी-सानकडे पाहिलं. त्यांनी मान वळवून दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.

त्या वेळेपर्यंत सासूबाईंना मी जे सांगितलं होतं ते एवढंच – ही माणसं शेती करायला ब्राझीलला गेली, मुलाबाळांसकट गेली आणि इथे झोपली.

आवाजावर काम करणाऱ्यांची एक सवय असते. मुलाखत जिथे घ्यायची किंवा जिथलं वर्णन करायचं, त्या जागेचा नुसता आवाज थोडा वेळ रेकॉर्ड करून ठेवायचा. पंखा, पाणी, लाकडाची करकर. नंतर निवेदनाच्या खाली तो टाकला की जागा ऐकू येते. मी रेकॉर्डर सुरू करून सासूबाईंच्या शेजारच्या खांबाला टेकवून ठेवला. ईरा त्यांच्या मांडीला टेकून स्टिकरचं पुस्तक घेऊन बसली होती. "मी वर, जिन्यापाशीच आहे. तुम्ही थोडा वेळ बोलू नका हं," असं सांगून मी मोरी-सानबरोबर वर आले. ते निरोपाच्या फितींबद्दल सांगायला लागले आणि मी ते फोनवर रेकॉर्ड करत राहिले.

प्रवासी बोट सुटताना इथे कागदी फिती वापरायची पद्धत होती. रंगीत फितींची गुंडाळी डेकवरून खाली टाकायची. एक टोक जाणाऱ्याच्या हातात, दुसरं धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. बोट हलली की गुंडाळी उलगडत जाते, फीत ताणते आणि मग तुटते. तुटेपर्यंत सोडायची नाही. मोरी-सान म्हणाले, "कागदाची असते. म्हणूनच बरं. दोरी असती तर कुणी सोडली नसती."

हे चालू असताना खालून सासूबाईंचा आवाज येत होता. त्या ईराशी बोलत असतील असं मला वाटलं. रेकॉर्डिंग वाया गेलं म्हणून थोडी चिडलेही.

मी खाली गेले तेव्हा सासूबाई समोरच्या खालच्या फळीकडे तोंड करून बसल्या होत्या. "ही बघा, आली माझी सून," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून, मग पुन्हा समोर. समोर चटई होती. त्यांनी वाकून फळीच्या आत पाहिलं, मग रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं.

"अगं... आत्ता होत्या ना इथे."

"कोण?"

"त्या बाई."

मी मोरी-सानना विचारलं, दुसरीकडून बाहेर जायला वाट आहे का? त्यांनी पलीकडची लोखंडी झडप दाखवली. ती वेल्डिंग करून बंद केलेली आहे. मी जाऊन हात लावून बघितली. सासूबाई चपला घालत होत्या. त्या घाबरलेल्या वगैरे अजिबात नव्हत्या.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. ईरा खिडकीला नाक लावून बसली. सासूबाई बोलायला लागल्या, नेहमीच्या पुणेरी आवाजात.

"हळू, अहो आई."

"इथे गाडीत बसले की सगळ्यांचं मौनव्रत सुरू होतं," त्या म्हणाल्या, पण आवाज खाली आणला. "बिचारीचे डोळे लाल झालेले गं. खुपऱ्या होत्या तिला."

"कुणाला?"

"त्या बाईला. जायच्या आधी सगळ्यांचे डोळे तपासायचे. पापणी उलटी करून. खुपऱ्या दिसल्या की नाही घ्यायचे जहाजावर. हिला दोनदा परत पाठवलं. नवरा म्हणाला, मी बोललोय साहेबांशी, सगळं झालंय, तू फक्त माझ्या मागे उभी राहा. धक्क्यावर आली बिचारी सगळं सामान घेऊन."

"मग?"

"मग काय! नवऱ्याबरोबर बायको दिसलीच पाहिजे, नाहीतर कुटुंब म्हणून जाताच येत नाही. त्याने तिच्या जागी दुसरी उभी केली. कुणी लांबची नातेवाईक. पोरांनासुद्धा शिकवून ठेवलेलं, हिला आई म्हणायचं. ती सगळी वर गेली. हिला वाटलं, आता मला बोलावतील. तेवढ्यात वरून फीत आली आणि कुणीतरी तिचं टोक हिच्या हातात दिलं. दुसरं टोक धाकटीकडे." सासूबाई थांबल्या. "धक्क्याकडचं टोक हातात आलं तेव्हा तिला कळलं, आपण जात नाही आहोत."

मी विचारलं, "त्या कुठल्या भाषेत बोलत होत्या?"

"ते नाही बाई माझ्या लक्षात आलं. कळत होतं."

"आणि दिसायला?"

"तुझ्याएवढी असेल. उजेडाकडे बघत नव्हती."

एक स्टेशन गेलं. मग सासूबाईंनी पर्समधून रुमाल काढला, त्याची घडी मोडली, पुन्हा घातली.

"विद्याताई कधी येणार आहेत?" त्यांनी विचारलं. विद्या हे माझ्या आईचं नाव.

"कुठे?"

"इथे. माझ्या जागी."

मी विचारलं, "तुम्हाला मंदार बोलला?"

"नाही गं. तिनेच सांगितलं. म्हणाली, तुम्हालाही नाही सांगितलेलं त्यांनी."

आता मी काय तपासलं ते लिहिते.

मंदारने सांगितलं नव्हतं. हे मी त्याला त्याच संध्याकाळी विचारलं आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला ते पटलं. आमचं बोलणं तोयोसुच्या बाकावर झालं होतं, सासूबाई तेव्हा इचिकावाला घरी होत्या. माझ्या आईने शपथेवर सांगितलं, की दोघींचं त्या विषयावर बोलणं झालेलं नाही. तरीही सासूबाईंना अंदाज आला असणं शक्य आहे. घरात बोलणं अर्धवट तुटतं, माणसं नजर चुकवतात आणि म्हाताऱ्या माणसाला ते कळतं. त्यामुळे ही एक गोष्ट मी न उलगडणारी म्हणून धरत नाही.

खुपऱ्या, म्हणजे पापणीच्या आत फोड येणारा डोळ्यांचा संसर्गजन्य रोग, त्यांना माहीत होत्या. त्यांच्या लहानपणी जळगावकडे घरोघर असायच्या. फितींचा एक फोटो जहाजाच्या पहिल्या दालनात लावलेला आहे, तो त्यांनी पाहिला असू शकतो. पण डोळ्यांच्या तपासणीबद्दल त्या जहाजावर एकही पाटी नाही. मी पुढच्या आठवड्यात एकटी जाऊन सगळ्या वाचल्या. बदली माणसांबद्दलही काही नाही.

क्योतोला माझी एक ओळखीची मुलगी, अदिती, स्थलांतराच्या इतिहासावर पीएचडी करते आहे. मी तिला काही न सांगता नुसतं विचारलं, की या जहाजांवर जायला काय काय अटी होत्या. ती म्हणाली, खुपऱ्यांची तपासणी कडक असायची आणि त्यापायी कुटुंबं अडकून पडायची. सरकारी मदतीवर जायचं तर नवरा-बायको आणि काम करणारे हात असं कुटुंब दाखवावं लागायचं. म्हणून लांबचे भाऊ, भाचे, कधी नुसते ओळखीचे लोकही कुटुंब म्हणून दाखवले जायचे.

"बायकोच्या जागी दुसरी?" मी विचारलं.

"तशी एखादी केस मी अजून पाहिलेली नाही," अदिती म्हणाली. "पण झालं नसेल असंही मी म्हणणार नाही. का गं? तुला कुठे मिळालं?"

मोरी-सानना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मलाच प्रश्न विचारला, जो खरं तर मी विचारायला हवा होता. "ती बाई जहाजावर चढलीच नाही म्हणता. मग ती जहाजावर कशी?"

घरी येऊन मी तो प्रश्न तसाच सासूबाईंना विचारला. त्या कोथिंबीर निवडत होत्या. "अगं, ते मीही विचारलं तिला," त्या म्हणाल्या. "म्हणाली, पोरं कुठे झोपली असतील ते बघायला येते."

राहिला रेकॉर्डर. ते रेकॉर्डिंग मी दुसऱ्या दिवशी सकाळी, ईरा बागेत गेली असताना ऐकलं. नंतर मंदारनेही हेडफोन लावून ऐकलं. त्यात हवा खेळवणाऱ्या पंख्याचा आवाज आहे, खाली एक पंप चालू आहे, वरून माझा आणि मोरी-सानचा अस्पष्ट आवाज आहे. सासूबाईंचा आवाज स्वच्छ आहे. दुसऱ्या बाईचा आवाज नाही.

सासूबाई म्हणतात, "नाही हो, असू दे. मी इथेच बरी." मग शांतता. समोरच्याने दोन-तीन वाक्यं बोलावीत इतकी. मग, "तिन्ही? आणि सगळी वर गेली?" पुन्हा तशीच शांतता. "अगं बाई... आणि तुम्हाला कुणीच काही बोललं नाही?" पुढे एका जागी त्या "हं... हं..." करत राहतात, कुणाचं लांबलचक ऐकताना माणूस करतं तसं.

एकटं बोलणारी माणसं असंही बोलतात. डॉक्टरांना विचारलं तर ते याला नाव देतील. म्हणून आम्ही सासूबाईंना तपासून घेतलं. स्मरणशक्ती, बोलणं, सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी फक्त डावा डोळा लवकर करून घ्या म्हणून सांगितलं.

रेकॉर्डिंगमधल्या एका जागेचं मात्र मला काही करता येत नाही. सासूबाई बोलायच्या थांबतात. शांतता. मग ईराचा आवाज येतो. लहान मुलं परक्या माणसाला उत्तर देताना काढतात तसा, जरा लाजलेला.

"योत्त्सु."

म्हणजे, चार. इथली मुलं वय विचारलं की बोटं दाखवून हेच सांगतात. त्याआधी तिला कुणी काही विचारल्याचं ऐकू येत नाही. सासूबाईंना जपानीत वय विचारता येत नाही, आणि नातीचं वय त्यांना विचारायची गरजही नाही. "योत्त्सु" नंतर पुन्हा थोडी शांतता आहे. मग सासूबाई म्हणतात, "हो, चार पूर्ण झाली. आणि तुमची धाकटी केवढी?"

मी ईराला विचारलं, "जहाजात तुला कुणी विचारलं का, तू केवढी आहेस?" ती म्हणाली, "ओबाचान." मावशी. अर्थात प्रश्नातच मी उत्तर सुचवलं होतं. चार वर्षांच्या मुलीचं असं उत्तर मी पुरावा म्हणून घेत नाही.

मंदारने ते रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं, हेडफोन काढले आणि सासूबाईंच्या खोलीत गेला. मी दाराशी उभी राहिले.

"आई, मी सांगणार होतो तुला."

"कधी? विमानतळावर?"

"तुझ्या डोळ्याचं..."

"डोळ्याचं ऑपरेशन होतं मंदार. चाळीस वर्षांपूर्वी तुझ्या आजोबांचं झालं, आता होणार नाही? मला विचारलंस तू?" त्यांचा आवाज वाढला नव्हता. "मला राहायचंय इथे. पोरीजवळ. हे मी आत्तापर्यंत बोलले नाही, माझी चूक. आता बोलते. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर नाही म्हण."

मंदार खाली बसला. "नाही म्हणत नाहीये गं," तो म्हणाला.

त्यानंतर अर्ज सासूबाईंच्या नावाने करायचं ठरलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, पुण्याला जाऊन आधी डोळा करून घेणार. दुसरी माझ्यासाठी होती. "विद्याताईंना तू स्वतः सांगायचंस. आज. त्यांना दुसरीकडून कळता कामा नये."

मी त्याच दुपारी नाशिकला फोन केला. आई मशीनवर बसलेली होती, आवाज येत होता. आमच्याकडे यायचं म्हणून तिने क्लासची नवीन बॅच घेतली नव्हती. घरातली दोन मशीनं एका विद्यार्थिनीला देऊन टाकली होती.

"आई, अर्ज आम्ही अहो आईंच्या नावाने करतोय."

मशीन थांबलं. "आणि माझ्या?"

"एकाच बाजूचा चालतो."

"ते मला माहितीये. तूच सांगितलंस. म्हणजे मी नको."

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

मी तिला जहाजाचं काही सांगितलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. सांगितलं असतं तर ते कारण वाटलं असतं, आणि कारण ते नव्हतं. मी म्हटलं, "त्या तिकडे एकट्या आहेत."

"आणि मी?" माझी आई म्हणाली. वडील जाऊन आठ वर्षं झाली आहेत. मग ती म्हणाली, "बरं. ठेवते. बाई आली आहे माप द्यायला."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "गौरी, म्हणजे आता ती दुसरी मी झाले गं." त्यांनी ईराचा डबा विसळला आणि पालथा घातला.

डिसेंबरात त्या ठरल्याप्रमाणे पुण्याला गेल्या. जाण्याआधी त्यांना पुन्हा एकदा जहाजावर जायचं होतं. मी घेऊन गेले. मोरी-साननी या वेळी त्यांना बसायला स्वतःच चटई झटकून दिली. त्या बराच वेळ बसल्या, मी त्यांच्या शेजारी बसले, रेकॉर्डर सुरू होता. कुणी आलं नाही. उठताना त्या समोरच्या फळीकडे बघून म्हणाल्या, "मला सांगितलं हो त्यांनी." त्या रेकॉर्डिंगवर पंखा आहे, पंप आहे आणि हे एक वाक्य आहे.

पहिल्या दिवशी त्या दालनात कोण होतं, किंवा काय होतं, ईराने कुणाला उत्तर दिलं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. अदितीकडे नाही, मोरी-सानकडेही नाही. ज्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं त्यातल्या कुणाकडे नाही.

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत पुण्यात झालं. परवानगी मार्चमध्ये मिळाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या इचिकावाला आल्या आणि मी कामावर रुजू झाले. माझी आई नाशिकला आहे. तिने दोन नवी मशीनं घेऊन क्लास पुन्हा सुरू केले आहेत. सासूबाई तिला रोज दुपारी फोन करतात आणि ती त्यांच्याशी बोलते. माझ्याशी ती रविवारी बोलते.